पाच शून्यं आणि एक दोरा: नकाशाप्रमाण कसं वाचायचं

आठवीच्या मुलांना "उद्या नकाशाची स्केल शिकू" असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं दप्तरातून प्लास्टिकची पट्टी काढून समोर ठेवतात. "मॅडम, स्केल आणली की!" सोलापुरात पट्टीला स्केलच म्हणतात, त्यामुळे त्यांना रागावता येत नाही. म्हणून मी आता सरळ पुस्तकातला शब्द वापरते: नकाशाप्रमाण. पट्टी लागतेच, पण जरा नंतर.

माझी शिकवणी पूर्व भागात आहे, वडिलांच्या मागाच्या खोलीत. माग गेला, खोली राहिली. आम्ही घरी तेलुगू बोलतो, त्यामुळे वडील म्हणजे नायना. ते चादरींचे ग्राफ काढायचे. मोर, फूल, वेल, जे काही चादरीवर यायचं ते आधी चौकटींच्या कागदावर मोठं काढायचं, एकेक चौकट रंगवायची आणि त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच व्हायची. एक चौकट म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा. कागदावर फूल वीतभर, चादरीवर चार बोटं. मी विचारलं, फूल आकसतं कसं? नायना काही बोलले नाहीत. त्यांनी आधी ग्राफवरच्या इंचातल्या चौकटी मोजायला लावल्या, मग चादरीवर भिंग ठेवून इंचातले धागे मोजायला लावले. प्रमाण मला त्या दिवशी कळलं. त्याला काय म्हणतात ते शाळेत फार नंतर कळलं.

नकाशाचंही तसंच आहे. नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर आणि जमिनीवर त्याच दोन ठिकाणांमधलं अंतर यांचं गुणोत्तर म्हणजे प्रमाण. नकाशावरचं अंतर नेहमी आधी लिहायचं आणि ते नेहमी १ धरायचं.

ते लिहायच्या तीन पद्धती आहेत. "१ सेमी = ५ किमी" हे शब्दप्रमाण. १:५,००,००० हे अंकप्रमाण. आणि नकाशाखाली आगगाडीच्या रुळासारखी आडवी रेघ, तिच्यावर ०, ५, १० किमी, हे रेषाप्रमाण. तिन्ही एकच गोष्ट सांगतात. शब्दप्रमाणावर मी वेळ घालवत नाही, ते वाचलं की कळतं. घोळ अंकप्रमाणात होतो.

१:५०,००० समोर ठेवला की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, ५०,००० काय? मीटर की किलोमीटर?" उत्तर असं की काहीच नाही. त्याला एकक नसतं. तुम्ही डावीकडे जे माप घ्याल तेच उजवीकडे. नकाशावर १ सेंमी तर जमिनीवर ५०,००० सेंमी. नकाशावर काडीपेटीची एक काडी तर जमिनीवर तशा ५०,००० काड्या टोकाला टोक लावून. म्हणूनच अंकप्रमाण कुठल्याही देशात चालतं, ज्यांना सेंमी माहीत नाही त्यांनाही. एका पोराने विचारलं होतं, "मग बिडी पण चालते?" चालते. बिडीपेक्षा काडी बरी, एवढंच.

आता हिशेब. १ किमीत १,००,००० सेंमी असतात, म्हणजे पाच शून्यं. अंकप्रमाणातल्या उजव्या आकड्याची पाच शून्यं खोडली की १ सेंमीला किती किमी ते मिळतं. १०,००,००० ची पाच खोडली, उरले १० किमी. २,५०,००० ला चारच शून्यं आहेत, मग दशांशचिन्ह पाच घरं डावीकडे सरकवा: २.५ किमी. ५०,००० चं ०.५ किमी, म्हणजे ५०० मीटर. २५,००० चं २५० मीटर. उलट जायचं असेल, म्हणजे "१ सेमी = ७.५ किमी" वरून अंकप्रमाण हवं असेल, तर ७.५ ला एक लाखाने गुणा, १:७,५०,००० आलं. परीक्षेत मार्क जातात ते गुणाकारात नाहीत, जातात ते सेंमीचे थेट किमी करताना एखादं शून्य पडलं म्हणून. शंका आली तर मधे मीटर करून घ्या: दोन शून्यं खोडली की मीटर, आणखी तीन खोडली की किमी.

जुन्या नकाशांवर इंच आणि मैल सापडतात. "१ इंच = १ मैल" असेल तर १२ गुणिले ५,२८०, म्हणजे १:६३,३६०. हा वेडावाकडा आकडा दिसला की घाबरू नका, तो मैलाचा आहे. आणि गावाकडच्या मोजणीच्या जुन्या कागदांत साखळी येते. शेतमोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. समजा एखाद्या गाव नकाशावर १ इंचाला २० साखळ्या लिहिल्या आहेत. २० गुणिले ३३ म्हणजे ६६० फूट, त्याचे ७,९२० इंच. झालं, १:७,९२०. मैलाला बरोबर ८ इंच. आमच्या शेजारच्या काकांना त्यांच्या बांधाच्या भांडणात हा हिशेब मी करून दिला होता. भांडण मिटलं नाही, पण काका तेव्हापासून मला मॅडम म्हणतात.

आता पट्टी काढा. सरळ अंतरासाठी दोन ठिपक्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. गावाच्या नावाच्या अक्षरापासून मोजू नका. हे सांगावं लागतं, कारण मुलं "सोलापूर"च्या 'सो' पासून मोजतात. पट्टीची कड झिजलेली असते, म्हणून शून्याऐवजी १ सेंमीच्या खुणेवर पहिला ठिपका धरा आणि शेवटी १ वजा करा.

वाकड्या रस्त्याला, नदीला पट्टी चालत नाही. तिथे दोरा. या बाबतीत सोलापूरकरांना बाहेर जायची गरज नाही, घराघरात सुताचे तुकडे असतात. सुती दोरा घ्या, नायलॉनचा नको, तो वळणावर बसत नाही, उसळतो. दोरा बोटाने जरासा ओला करा. ओला दोरा कागदाला चिकटून राहतो. एका टोकाला पेनाने खूण करा, ती सुरुवातीच्या गावावर ठेवा आणि डाव्या हाताच्या नखाने धरून, उजव्या हाताने रस्त्यावरून थोडाथोडा बसवत जा. प्रत्येक वळणावर नख पुढे सरकवायचं. ओढायचा मात्र नाही. ताणलेला दोरा वळणं खातो आणि अंतर कमी येतं. शेवटच्या गावावर दुसरी खूण करा, दोरा उचलून पट्टीवर सरळ ठेवा. तीनदा मोजा. तीनही वेळा वेगळं येईल, मधलं घ्या.

दोरा रेषाप्रमाणावरही थेट ठेवता येतो, मग गुणाकारच नको. फक्त एक सापळा आहे. बऱ्याच रेषाप्रमाणांत शून्य अगदी डाव्या टोकाला नसतं. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटर आणि डावीकडे एका किलोमीटरचे बारीक भाग पाडलेले असतात. दोऱ्याचं उजवं टोक पूर्ण किलोमीटरच्या खुणेवर बसवा आणि उरलेली शेपटी शून्याच्या डावीकडे वाचा. समजा टोक ३ वर बसलं आणि शेपटी ४०० मीटरपर्यंत गेली, तर ३ किमी ४०० मी. डाव्या टोकापासून मोजायला लागलात तर पूर्ण एक किलोमीटर चुकतं.

रेषाप्रमाण मला सगळ्यात प्रिय का, ते माझ्या फजितीवरून सांगते. शिकवणी सुरू केली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी मुलांना हिप्परग्याच्या तलावाकडे क्षेत्रभेटीला नेलं. १:५०,००० च्या नकाशाचा तेवढा भाग झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीचा ए-फोर करून घेतला, खिशात मावावा म्हणून. चालायचा रस्ता दोऱ्याने मोजला, ८ सेंमी आला. १ सेंमीला ५०० मीटर, म्हणजे ४ किमी. जाऊन येऊन ८. पाणी तेवढंच घेतलं, डबे तेवढेच. आणि रस्ता संपेना. ए-थ्रीचा ए-फोर करताना प्रत्येक लांबी साधारण ७१ टक्के होते. माझा नकाशा झेरॉक्स मशीनमधून बाहेर पडला तेव्हाच १:५०,००० राहिला नव्हता, तो १:७०,७०० च्या आसपास झाला होता. छापील आकडा मात्र इमानदारीत १:५०,००० म्हणत होता. एका बाजूचा ४ किमीचा रस्ता प्रत्यक्षात साडेपाचाच्या पुढे गेला. परतताना एका वस्तीवरच्या मावशींनी बारा मुलांना भाकरी आणि शेंगाचटणी दिली, म्हणून मी आज ही गोष्ट हसत सांगू शकते.

नकाशा लहानमोठा केला की शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण खोटं ठरतं. रेषाप्रमाण नकाशाबरोबर आकसतं, नकाशाबरोबर फुगतं, म्हणून खरंच राहतं. झेरॉक्स काढताना ती रेघ कागदात येते की नाही ते आधी बघा. मोबाइलचंही तेच. नकाशा दोन बोटांनी मोठा करताना कोपऱ्यातल्या रेघेचा आकडा बदलतो, ते मुद्दाम बघत बसा, पाच मिनिटांत प्रमाण डोक्यात उतरतं. स्क्रीनशॉट पाठवताना ती रेघ कापू नका. आणि कोणी व्हॉट्सअॅपवर नकाशाचा फोटो पाठवून "प्रमाण १:१०,००० आहे" म्हणालं तर त्याला नमस्कार करा आणि पट्टी खाली ठेवा.

बृहत्प्रमाण आणि लघुप्रमाण. इथे दरवर्षी अर्धा तास जातो. १:५०,००,००० मधला आकडा मोठा, मग ते बृहत्प्रमाण, असं मुलं हटकून लिहितात. हा अपूर्णांक आहे. भाकरीचे दोन तुकडे केले तर तुकडा मोठा, पन्नास केले तर चिमूट. एक भागिले पाचशे मोठा, एक भागिले पन्नास लाख लहान. म्हणून घरांचा, गल्लीचा, शेताचा नकाशा बृहत्प्रमाण, त्यात थोडी जागा पण बारकावा भरपूर. देशाचा, जगाचा नकाशा लघुप्रमाण, जागा अफाट, बारकावा नाही. एका गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. १:५०० ला ती २ सेंमी दिसते, तुम्ही त्यात विहीर काढू शकता. १:५०,००० ला ती ०.२ मिमी, पेन्सिलीच्या टोकाखाली गुंठा गडप.

लहान होताना नुसता आकार लहान होत नाही, गोष्टी गाळल्याही जातात. पंढरपुरात भीमेला चंद्रभागा म्हणतात ते तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशात ते वळण स्वच्छ दिसतं. आता शाळेच्या ॲटलासमधला महाराष्ट्र उघडा. भीमा आहे, पंढरपूरचा ठिपका आहे, कोर नाही. त्या प्रमाणात ती दाखवणं शक्यच नसतं, म्हणून काढणारा रेघ सरळ करून पुढे जातो. त्यामुळे एकाच नदीची लांबी दोन नकाशांवर दोऱ्याने मोजली तर लघुप्रमाण नकाशावर ती कमी भरते. दोरा चुकलेला नसतो, तिथे वळणंच नसतात. नदीची लांबी काढायची तर मिळेल तेवढ्या बृहत्प्रमाण नकाशावर काढा.

१:५०,००० चा विषय निघालाच आहे तर आपलं पान सांगून ठेवते. सर्वेक्षण विभाग १७६७ मध्ये स्थापन झाला, त्याचे हे स्थलनिर्देशक (गावं, रस्ते, विहिरी बारकाईने दाखवणारे) नकाशे १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढ्या चौकटीचे असतात. जुन्या क्रमांकपद्धतीत सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पानावर येतं. अक्कलकोट त्यावर शोधू नका. शहराच्या पूर्वेला साधारण १० किमीवरून ७६ अंश रेखांश जातो आणि तिथे नुसतं पान नव्हे, सगळा गठ्ठाच बदलतो, ४७ चा ५६ होतो. अक्कलकोट ५६ सी/२ वर आहे. दोन्ही पानं शेजारी ठेवून, कडा जुळवून दोरा पुढे न्यायचा.

नकाशावर प्रमाण दिलंच नसेल तर? अक्षवृत्तं असतील तर काम झालं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किमी, सोलापुरात काय आणि लडाखमध्ये काय, फरक किरकोळ. समजा १७ आणि १८ अंशांच्या रेघांमधलं उभं अंतर ४.४ सेंमी आलं. १११ भागिले ४.४, साधारण २५ किमी. म्हणजे नकाशा १:२५,००,००० चा. रेखांशांवर हा प्रयोग करू नका. ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येतात, आपल्या अक्षांशावर एक अंश १०६ किमीच भरतो. ताळा करायचा असेल तर वरचंच पान घ्या: १५ मिनिटं म्हणजे पाव अंश, २७.७ किमी, १:५०,००० ला ५५.४ सेंमी. चौकट उभी मोजा, तेवढीच भरायला हवी. रुंदी साधारण ५३.

एका आकड्याचं प्रमाण संपूर्ण नकाशाला लागू पडतं ते जागा लहान असेपर्यंतच, हेही यातून कळतं. गोल पृथ्वी सपाट करताना कुठेतरी ताणावं लागतं. मोबाइलवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड भारतापेक्षा मोठं दिसतं. प्रत्यक्षात ते सुमारे २१.७ लाख चौ. किमी, भारत ३२.९ लाख. जगाच्या नकाशावर दोरा घेऊन बसू नका.

क्षेत्रफळात एकच चूक होते, पण सगळ्यांची होते. प्रमाण लांबीचं असतं, क्षेत्रफळाला ते दोनदा लागतं. १:५०,००० ला १ सेंमी म्हणजे अर्धा किमी, मग १ चौ. सेंमी म्हणजे अर्धा? नाही. अर्धा गुणिले अर्धा, पाव चौ. किमी. म्हणजे २५ हेक्टर, जवळजवळ ६२ एकर. तलावाचं क्षेत्रफळ काढायचं तर नकाशावर पारदर्शक ग्राफ ठेवा, पूर्ण चौकटी मोजा, अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट एक धरा, कमी असेल ती सोडा.

नायनांच्या ग्राफची आणखी एक गंमत इथे कामाला येते. चादरीत ताणा आणि बाणा सारखे दाट नसतात. समजा इंचात ताण्याचे ४० धागे आणि बाण्याचे ३०. १२० चौकटी रुंद आणि १२० उंच फूल चौरस ग्राफवर गोल दिसेल, पण चादरीवर ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच, लांबोडकं येईल. म्हणून ग्राफच्या चौकटीच आडव्या-उभ्या वेगळ्या मापाच्या घेतात. भूगोलात हे मुद्दाम केलं जातं, भूपृष्ठाचा छेद काढताना, म्हणजे जमीन उभी कापली तर तिचा चढउतार कसा दिसेल ते काढताना. आपल्याकडचा माळ सपाट. ४० मीटरचा चढ १:५०,००० ला ०.८ मिमी, छेदात दिसणारच नाही. मग आडवं प्रमाण १:५०,००० आणि उभं १:५,००० घेतात, चढ दहापट उठून दिसतो. फक्त छेदाखाली दोन्ही प्रमाणं लिहा, नाहीतर सोलापुरात डोंगर आहे असं पुण्याच्या परीक्षकाला वाटेल.

शेवटी स्वतः एक नकाशा काढा. आपल्या गल्लीचाच. पावलाचं माप आधी घ्या: दहा पावलं टाका, टेपने मोजा, दहाने भागा. मग गल्ली पावलांनी मोजा. समजा १८० मीटर भरली. वहीच्या पानावर २० सेंमी जागा आहे. १८,००० सेंमी भागिले २०, आले ९००. १:९०० घेतलं तर बसेल, पण प्रत्येक मापाला ९०० ने भागत बसाल. जरा पुढचा सोपा आकडा घ्या, १:१,०००. गल्ली १८ सेंमीत येते आणि १ सेंमी म्हणजे १० मीटर, डोक्यात हिशेब होतो. आकडा नेहमी पुढचा, मागचा घेतला तर गल्ली पानाबाहेर जाते.

गेल्या महिन्यात एकाने असा नकाशा आणला. मापं चोख होती, रेषाप्रमाणही काढलं होतं. फक्त कोपऱ्यावरचा पाणीपुरीचा गाडा त्याने गल्लीइतका रुंद काढला होता.

"गाडा केवढा असतो?"

"दीड मीटर असेल."

"मग १:१,००० ला किती?"

त्याने बोटांवर शून्यं खोडली. "दीड मिलीमीटर. पण मॅडम, मग दिसणार कसा ओ?"

स्थलनिर्देशक नकाशातली देवळं आणि विहिरीही मोजून काढलेल्या नसतात, त्यांच्या खुणा असतात, हे त्याला दाखवलं. १:५०,००० ला अर्ध्या मिलीमीटरची रस्त्याची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद होईल, एवढे रुंद रस्ते आपल्याकडे कुठून आणायचे! त्याने गाडा खोडला, तिथे लहानसा त्रिकोण काढला आणि खाली सूचीत लिहिलं: △ पाणीपुरी.